कचरू मिस्त्रींचं नाक

पडेगाव रस्त्यावरचे कचरू मिस्त्री गाडीचं बॉनेट आधी उघडत नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगून ते गाडीच्या मागं जातात, सायलेन्सरपाशी उकिडवे बसतात, डोळे मिटतात आणि सुगरणीनं आमटीवरची वाफ हुंगावी तसा धूर हुंगतात.

त्यांच्या लेखी गाडीला आजार दोनच. पेट्रोल जास्त पडत असेल तर 'अजीर्ण', कमी पडत असेल तर 'उपाशी'. मालकानं मध्येच काही सुचवलं की ते हात वर करतात. "तुमी नका बोलू सर. पेशंटला बोलू द्या."

हुंगून झालं की त्यांची बायको, गयामावशी, शेडमागच्या घरातून पदराला हात पुसत यायच्या, मिस्त्रींच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या आणि परत जायच्या. मग मिस्त्री निकाल द्यायचे. मावशी जेवायचं विचारून जातात, अशी आम्हा गिऱ्हाइकांची समजूत होती. दिवसातून आठ वेळा जेवणारा माणूस इतका हडकुळा कसा, एवढाच प्रश्न पडायचा.

गेल्या हिवाळ्यात माझी जुनी गाडी आजारी पडली. याच गाडीतून माझी लेक जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली होती. माझा फार जीव होता त्या गाडीवर. स्टिअरिंगसमोर इंजिनात बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागलेला आणि पेट्रोल घटाघटा पिणं चाललेलं. चिकलठाण्याकडच्या एका चकचकीत वर्कशॉपनं तिला यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा परत लागला. पुन्हा बदलला, पुन्हा लागला. शेवटी "भंगारात द्या" असा सल्ला मिळाला. रविवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी सकाळी शेवटची आशा म्हणून मी गाडी मिस्त्रींकडे नेली आणि त्यांनी हात वर करायच्या आत यंत्राची, सेन्सरची हकिगत सांगून टाकली.

मिस्त्री बसले, डोळे मिटले, हुंगलं. मावशी छावणीच्या बाजारात गेल्या होत्या. मिस्त्री बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "उपाशी हाय."

पेट्रोलचा वास मलाही येत होता. पण मिस्त्रींपुढे आपलं नाक कोण चालवणार?

तेवढ्यात मावशी रिक्षातून उतरल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आवं, उपाशी काय? पेट्रोलचा वास रस्त्यापर्यंत सुटलाय! अजीर्ण झालंय तिला!"

शेडमध्ये आणखी तीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांच्या माना मिस्त्रींकडे वळल्या. मावशींनी तोंडावर पदर धरला. मिस्त्रींचा चेहरा पार उतरला.

"सर," ते खाली बघत म्हणाले, "त्या साथीच्या तापात नाक गेलं माझं. घरात दूध करपलं तरी कळत नाय. इतकी वर्षं नाक हिचं अन् नाव माझं चाललंय."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, गाडीची आशाही मी सोडली.

मिस्त्री मात्र मावशींकडे बघत होते. "गया, पेट्रोलच हाय ना नक्की?"

"आईची शपथ."

"अन् यंत्र म्हणतंय उपाशी."

"म्हणू द्या त्याला."

"नाय नाय. यंत्रबी खोटं नाय, तूबी खोटी नाय." मिस्त्री ताडकन उठले. "मंग बाहेरची हवा मधीच घुसतीय!"

इंजिन थंड झाल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या कोंबून टायरमध्ये हवा भरायची नळी खुपसली आणि पुढं धुराच्या नळीला साबणाचं पाणी लावलं. सेन्सरच्या जरा आधी, इंजिनाच्या बाजूला, एका जोडावर फेसाचे बुडबुडे आले. केसाएवढी चीर!

"सेन्सर बिचारा धुरातला ऑक्सिजन मोजतो," मिस्त्री समजावू लागले. "चिरेतनं हवा आत आली. त्यानं सांगितलं, ऑक्सिजन लई हाय, म्हंजी पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटरनं आणखी पेट्रोल ओतलं. भरल्या पोटी जेवण! अन् त्या वर्कशॉपवाल्यांनी खरं बोलणाऱ्या सेन्सरलाच दोनदा घराबाहेर काढलं."

वेल्डिंगनं चीर बुजली. बॅटरीची वायर काढून, परत लावून मिस्त्रींनी दिवा घालवला. मी दौलताबादपर्यंत चक्कर मारून आलो. दिवा लागला नाही. मी सगळ्यांसमोर भंगारवाल्याला फोन केला आणि येऊ नका म्हणून ठणकावून सांगितलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या हिला वाजवा," मिस्त्री म्हणाले, आणि मावशींना हाताला धरून गाडीच्या मागं घेऊन गेले. सगळ्यांच्या देखत दोघं सायलेन्सरपाशी शेजारीशेजारी उकिडवे बसले. दोघांनी डोळे मिटले.

"आता कसला वास येतोय गं?"

मावशींनी दोनदा लांब श्वास घेतला. पेट्रोल आणि हवा नीट जुळलेल्या गाडीच्या धुराला वास असा येत नाही.

"कसलाच नाय. बिलकुल नाय."

मिस्त्रींनी डोळे उघडले. मावशींचा हात अजून त्यांच्या हातातच होता. लहान मुलासारखं हसत ते म्हणाले, "मलाबी नाय!"