मास्तरांचा सदरा आणि विमानाचं चाक

निशांतने डी.एड. अर्धवट सोडून नागपूरला विमान चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हापासून त्याचे वडील नरहर मास्तर त्याच्याशी बोलत नव्हते. घरात त्याचा विषय निघाला की मास्तर उठून तुळशीला पाणी घालत. दोन वर्षांत ती बिचारी तुळस कुजली, पण मास्तर काही निवळले नाहीत.

त्या सकाळी निशांत एकटाच विमान घेऊन आपल्या गावावरून, देवळीवरून, जाणार होता. त्याची आई पद्माबाई औक्षणाचं ताट घेऊन गच्चीवर उभ्या होत्या. मास्तरही वर आले, मिरच्या वाळल्या का ते बघायला.

विमान आलं, घरावर झुकलं, आणि त्यातून काहीतरी सुटून शेजारच्या हिरालालच्या गोठ्याच्या टिनांवर धाडकन आदळलं. हिरालाल कापसाचा व्यापारी. दारात आलेली वस्तू पुजल्याशिवाय तो घरात घेत नसे. त्याने कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि ती वस्तू उराशी धरून गच्चीवर आला.

"मास्तर, पोरानं गावाले भेट टाकली!"

"अबे, भेट काय! विमानाचं चाक हाये हे! आता पोरगा उतरन कशावर?"

तेवढ्यात विमान गावाला वळसा घालून परत आलं. हिरालालने ते चाक हारासकट डोक्यावर धरलं. मास्तरांनी अंगातला सदरा काढला आणि बनियनवर, वेड्यासारखा, तो हवेत फिरवायला सुरुवात केली. "उतरू नको रे! चाक पडलं तुयं!"

विमानाने आनंदाने पंख हलवले आणि आणखी एक चक्कर मारली. मास्तर जितके जोरात ओरडत, तितकं विमान पुन्हा पुन्हा वळून येई.

"अहो, थांबा नं! तो खूश होऊन राह्यला!" पद्माबाई रडत म्हणाल्या. मास्तरांचा हात थांबत नव्हता. शेवटी विमानच नागपूरकडे निघून गेलं.

मास्तर तसेच एसटीडी बूथवर धावले. नागपूरच्या फ्लाइंग क्लबातला माणूस म्हणाला, "वायरलेसवर सांगतो त्याले. पण उतरावं तर लागनच."

मागोमाग पद्माबाई आणि हिरालालही आले, आणि तिघं बूथवर बसून राहिले. पद्माबाईंच्या ताटातलं निरांजन केव्हाच विझलं होतं, तरी त्यांनी ताट खाली ठेवलं नव्हतं. फार भयंकर होतं ते बसणं.

फोन वाजला.

"एका चाकावर उतरला. विमानाचा पंख तुटला, त्याचा पाय मोडला, पण पोरगा वाचला. टाकीत पेट्रोलच नव्हतं, नाई तर भडका उडाला असता. एवढं पेट्रोल कुठं जाळलं, बुवा, यानं?"

मास्तर चाक मांडीवर घेऊन पद्माबाईंसोबत एसटीने नागपूरला निघाले. 'बस झालं, आता घरी चाल,' हे वाक्य त्यांनी वाटेत पाठ केलं होतं.

दवाखान्यात निशांतचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता, पण चेहरा खुलला होता. "बाबा, रागावू नका. मी एक चक्कर मारून निघणारच होतो. पण तुमी सदरा काढून मले हात केला. जन्मात पहिल्यांदा! मंग मले जावंच वाटलं नाई."

पद्माबाई काही बोलणार, तोच मास्तरांनी त्यांचा हात दाबला. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेल्या माणसाने घसा साफ केला.

"हो. चांगलं उडवून राह्यला होता तू."

निशांतचे डोळे भरून आले. मास्तर मांडीवरच्या चाकाचा सुकलेला हार उगीच नीट करत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या टायमाले चाकं मोजून निघजो."