दोन सुभ्यांची सरहद आणि राणीसाहेबांचा गळा

नादरूप जगदंबेस दंडवत, आणि ऐकणाऱ्याच्या कानी जी दया असते तीस दुसरे दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, स्वैपाकघर आणि एक गॅलरी, इतकेच. राजे त्र्यंबकराव नोकरीतून मोकळे जाहले होते आणि मागल्या खोलीत ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ मांडावा ऐसे त्यांनी मनी घेतले. कारण एकच, राणीसाहेब कुमुदिनीबाई यांचे गाणे. बाईंचा गळा सुरेल, आवाजास दाणा, परंतु गतवर्षी गळ्यात गाठ येऊन शस्त्रक्रिया जाहली, आणि डॉक्टरांनी "आवाजाला काही होणार नाही" ऐसे सांगितले तरी बाईंनी भयाने तंबोऱ्यास हात लाविला नव्हता. तेव्हां राजांनी विचार केला की स्वहस्ते उत्तम स्पीकर करावे, बाईंस गावयास बसवावे आणि त्यांचा गळा त्यांसच ऐकवावा, म्हणजे भय जाईल. हेतु ऐसा निर्मळ होता, हे आधीच नमूद करितो, कारण पुढील मजकूर वाचोन कोणी राजांस बोल लावील.

मग राजांनी प्लायवूड आणविले, आणि सुताराशी रुसवेफुगवे करोन दोन पेट्या सिद्ध केल्या, आणि सोफा गॅलरीत हद्दपार केला, आणि राणीसाहेबांच्या गोधड्या जप्त करोन भिंतींस टांगिल्या, म्हणजे खोली घुमणार नाही. प्रत्येक पेटीत आवाज काढणारे दोन सुभेदार नेमिले. खालचा जाड आवाज वूफरकडे, वरचा बारीक आवाज ट्वीटरकडे. पूर्वीच्या अमदानीत दोघांस मिळोन एकच अॅम्प्लिफायर असे, आणि सरहद्दीवर तांब्याचे वेटोळे आणि कपॅसिटर यांचा नाका बसवोन आवाजाची वाटणी होत असे. राजांनी ती रीत मोडोन प्रत्येक सुभेदारास स्वतंत्र अॅम्प्लिफायर दिला आणि त्यांचे डोक्यावर डिजिटल क्रॉसओव्हर नामे कारभारी बसविला. तो कारभारी चोख. कोणता सूर कोणाकडे जावा याची वाटणी आकड्यांनी करी आणि कोणाची भीड धरीत नसे.

परंतु तारा जोडितेसमयी एक गोष्ट घडली. राजांनी तरुणपणी पेडणेकर मास्तर म्हणोन एका थोर कारागिराचे हाताखाली मांडवातले कर्णे आणि पेट्या जोडिल्या होत्या. मास्तर आता हयात नाहीत. त्यांचा दंडक ऐसा की ट्वीटरच्या तारा नेहमी उलट्या जोडाव्या, तांबडीच्या जागी काळी. राजांनी मास्तरांचे नाव घेऊन कानाच्या पाळीस हात लाविला आणि तारा उलट्या जोडिल्या. किती प्रेमाने जोडिल्या म्हणोन सांगावे! मग माईक लावोन मोजणी केली, तो जेथे जाड सूर संपोन बारीक सुरू होती त्या सरहद्दीवर आवाजाच्या रेघेत मोठा खड्डा दिसला. राजे म्हणाले, हा खोलीचा दोष, आणि आणखी एक गोधडी टांगिली. खड्डा तैसाच. मग कारभाऱ्यास आज्ञा केली की खड्ड्यात भर घाला. कारभाऱ्याने दोन्ही सुभ्यांतोन विजेची रसद ओतिली, अॅम्प्लिफायर पोळू लागले, परंतु खड्डा भरेना. अखेर राजांनी आलेखाची रेघ मऊ करोन दाखविणारे बटण दाबिले, रेघ गुळगुळीत जाहली, आणि राजे समाधान पावले. थोरामोठ्यांच्या दरबारी हे बटण पुष्कळ चालते.

मग सुदिन पाहोन राणीसाहेब गावयास बसल्या. भय होतेच, परंतु गायिल्या, आणि राजांनी मुद्रण केले, आणि दुपारी दोघे स्पीकरांसमोर ऐकावयास बसले. तो काय, बाईंचा आवाज पोकळ, शब्द दूर गेलेले, दाणा कोठे नाही. राणीसाहेबांनी अर्धे ऐकिले आणि पदर सावरोन उठल्या.

"बंद करा. कळलं मला."

"अगं, पहिलाच दिवस आहे. हळूहळू सुधारेल."

"हळूहळू सुधारेल म्हणजे तुम्हालाही तसंच ऐकू आलं ना?"

यावर राजांनी गाणे बंद केले. कारण खरे तेच होते. हेडफोन नामे साक्षीदार कपाटात पडोन होता, परंतु स्वतःचे हातचे स्पीकर खोटी साक्ष देतील हे राजांचे स्वप्नीही आले नाही, आणि ज्या गळ्यासाठी एवढा खटाटोप केला तोच गळा गेला ऐसे त्यांनी मनोमन मानिले. वाईट वाटले, फार वाईट वाटले, परंतु मानिले. मग राणीसाहेबांनी तंबोऱ्यास गवसणी घालोन तो कपाटावर ठेवविला आणि भाची गार्गी हीस फोन लाविला.

"गार्गी, रविवारी ये आणि तंबोरा घेऊन जा. नाही गं, रागावले नाहीये. वाजता राहिला पाहिजे ना तो? माझ्याकडे आता नुसता धूळ खाईल."

राजांनी ते शब्द ऐकिले आणि गॅलरीत हद्दपार केलेल्या सोफ्यावर स्वतःही जाऊन बसले.

दुसरे दिवशी स्वैपाकघरात वरणाचा कुकर चढला असता राजे तेच गाणे पुन्हा लावोन बसले, दुसरे काही करवेना म्हणोन. तो ट्वीटर भराभर रसद खाऊन खरखरू लागला. हा जळेल ऐसे भय वाटोन राजांनी त्याचा अॅम्प्लिफायर बंद केला. वूफर एकटाच राहिला. तेव्हां स्वैपाकघरातोन राणीसाहेबांचा शब्द आला.

"अहो, आता काय केलंत?"

"काही नाही. ट्वीटर बंद केला. तो खरखरत होता."

"वरचं सगळं गेलंय. पण मधे मी ऐकू येतेय. काल नव्हते."

राजे चकित जाहले. दोन सुभेदार असता सरहद्दीवर शुकशुकाट, आणि एकास घरी बसविता वस्ती दिसो लागली, हे कैसे? मग ट्वीटर चालू केला, आवाज गेला. बंद केला, आवाज आला. ऐसे करिता करिता राजांस उमगले. सरहद्दीचे सूर दोघेही वाजवीत, परंतु एक हवा पुढे लोटी तेव्हां दुसरा मागे ओढी, आणि दोघांची मेहनत एकमेकांत जिरोन जाई. जितकी रसद अधिक, तितकी ओढाताण अधिक. मास्तर चुकले नव्हते. त्यांच्या नाक्यावर वेटोळ्यातोन जाता जाता आवाज उलटा फिरे, म्हणोन ते ट्वीटर उलटा जोडोन त्यास सरळ करीत. या नव्या कारभाऱ्याकडे आवाज उलटा फिरतच नव्हता. राज्य बदलले आणि राजे जुनाच दंडक चालवीत बसले.

मग राजांनी पेट्या उघडिल्या. परंतु मास्तरांची रीत मोडावयास हात धजेना. पुन्हा कानाच्या पाळीस हात लाविला, "मास्तर, माफ करा" ऐसे बोलिले, आणि तांबडीच्या जागी तांबडी, काळीच्या जागी काळी केली, आणि वाढविलेली रसद सारी काढोन टाकिली. मग राणीसाहेबांस हात धरोन आणिले.

"कुमुद, काल मी तुझ्या गळ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. या खोक्यांवर ठेवला. एकदाच ऐक."

"पुन्हा तेच?"

"गाणं तेच. तारा बदलल्यात."

राणीसाहेब पिठाच्या हातांनीच बसल्या. गाणे लागले आणि समोर बाईच बसोन गाताहेत ऐसा भास जाहला, शब्द जवळ आले, दाणा आला, गळ्यातली किंचित नवी खरखर होती तीही आली. राजे स्पीकरांकडे न पाहता बाईंच्या मुखाकडे पाहात होते. गाणे सरले. मग बाई बोलिल्या.

"दुसऱ्या ओळीत सूर उतरलाय."

राजांचे तोंड उतरले. "परत बघतो, एखादी तार सैल..."

"स्पीकर नाही हो. मीच उतरलेय. तो तंबोरा काढा वरून. कणीक तशीच राहू दे, मी हात धुऊन येते."

येणेप्रमाणे दोन सुभ्यांची सरहद आबाद जाहली, गोधड्या राणीसाहेबांस परत मिळाल्या आणि सोफा मात्र अद्याप गॅलरीतच आहे. रविवारी भाची गार्गीबाई ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांस मावशीमागे बसोन तंबोरा छेडावयास मिळाला, न्यावयास मिळाला नाही. इति हकीकत समाप्त.