लोवेल मास्तरांचा अभिप्राय

विमान चालवायचा वैद्यकीय दाखला एप्रिलात संपला आणि तेव्हापासून लोवेल हॉगन मास्तर गवत कापत होते. आधी स्वतःच्या अंगणातलं कापलं, मग शेजाऱ्याचं, मग चर्चचं, मग दफनभूमीतलं. बिचाऱ्या गवताला वाढायला उसंत मिळेना. वरून एखादं विमान गेलं की मास्तर यंत्र बंद करायचे आणि ते दिसेनासं होईस्तोवर मान वर करून उभे राहायचे. कोणी बघितलंच तर म्हणायचे, "ढग बघत होतो. दुपारी पाऊस येईलसं वाटतंय." मिनेसोटात हवामानाचं नाव काढलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

दाखला नवा करून घ्यावा तर रक्तदाब आणि कान, दोघांनीही दगा दिलेला. बायकोने, अर्डिसने, तेव्हाच बजावलं होतं, "दाखला संपला की विमान संपलं. कबूल?" मास्तर "कबूल" म्हणून बसले. निम्म्या जिल्ह्याला उडायला शिकवलेल्या माणसाने स्वतःचे पंख असे एका शब्दात कापून दिले.

पळवाट होती, नाही असं नाही. ते नवं हलकं दोन आसनी विमान असतं ना, त्याला मोटारीचा परवाना असला तरी भागतं. पण इथेही मास्तरांनी आधीच तोंड चालवून ठेवलं होतं. "त्याला विमान म्हणतात? अरे, तो पतंग आहे पतंग! शिंकलात तर दिशा बदलेल," असं ते वर्षानुवर्षं गावच्या विमान-क्लबात सांगत आलेले. आता कुठल्या तोंडाने म्हणणार, मला तो पतंग उडवायचाय म्हणून? आणि उडवायचं तर इतकं होतं की रात्री झोपेतसुद्धा त्यांचे पाय विमानाचे पेडल दाबावेत तसे पांघरूण डावी-उजवीकडे ढकलत असत.

ऑगस्टात क्लबच्या पॅनकेक-न्याहारीला एक विक्रेता नेमका तोच पतंग घेऊन उतरला. क्लबने तो विकत घ्यावा की नाही, यावर दुपारी मतदान होतं. क्लबचा अध्यक्ष ड्वेन लिंडक्विस्ट, मास्तरांचा जुना विद्यार्थी, पिठाचा डाव हातात घेऊनच अर्डिसपुढे उभा राहिला.

"अर्डिस, मास्तरांना एक चक्कर मारू दे ना. त्यांचं मत कळल्याशिवाय कोणी हात वर करणार नाही."

अर्डिस सॉसेज परतत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ढगांकडे बघत होता. आभाळात एकही ढग नव्हता.

"एकच चक्कर," ती म्हणाली. "मत दे आणि खाली ये."

विक्रेता शेजारी बसला. बसण्याआधी त्याने सहा पॅनकेक चापले होते आणि मेपलचा पाक त्याच्या मनगटापर्यंत ओघळला होता. त्याच हाताने त्याने विमान वळवायच्या दांड्यावरचं रेडिओचं बटण दाबलं आणि "निघतोय" अशी वर्दी दिली. एक चक्कर झाली. खाली आल्यावर त्याच्या नाकात सॉसेजचा वास गेला. "मास्तर, तुम्हाला काय शिकवायचं? एकटेच जाऊन या," म्हणत तो उतरलासुद्धा. मास्तरांनी बटण दाबलं, वर्दी दिली आणि बोट उचललं. बटण मात्र पाकात रुतलं ते रुतलंच.

आता गंमत अशी, की बटण दाबलेलं असलं की बोलणाऱ्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि त्याचं मात्र सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जातं. त्यातून न्याहारीला आलेल्यांना विमानांच्या वर्द्या ऐकता याव्यात म्हणून ड्वेनने हँगरवर भला मोठा कर्णा लावला होता.

"उजवा पाय, लोवेल! उजवा पाय!" कर्णा खेकसला. "चाळीस वर्षं पोरांना शिव्या घातल्यास, आता तुझा पाय कुठे मेलाय?"

हँगरमध्ये हशा पिकला. मग कर्ण्यातून एक लांब सुस्कारा आला.

"अगं माझे बाई... किती हलकी गं तू! मी नीट बसायच्या आत उडालीस?"

सगळ्यांनी हळूच अर्डिसकडे पाहिलं. अर्डिसने सॉसेज उलटलं.

"बटण अडकलंय," ड्वेन म्हणाला आणि टेबलावरची चादर ओढून बाहेर धावला. धावपट्टीच्या मधोमध उभा राहून त्याने ती जिवाच्या आकांताने हलवली. वरून मास्तरांनी पाहिलं आणि खुशीत येऊन पंख हलवले.

"ड्वेन चादर हलवतोय. भला माणूस आहे," कर्णा म्हणाला. "विमान उतरवत नाही, आपटतो, पण भला आहे. पॅनकेक तेवढे त्याला करू देऊ नयेत. माझ्या बुटाचा तळ त्याहून मऊ आहे."

ड्वेन चादरीची घडी घालत परत आला. पाळकसाहेब आपल्या ताटलीकडे बघून खोकले.

"क्लबचं जुनं चार आसनी विमान म्हणजे गाभण गाय," कर्णा सांगत होता. "वळ म्हटलं की विचार करणार, मग वळणार. हिला नुसतं मनात आणलं तरी कळतं. वाऱ्याची एकेक झुळूक हाताला लागते. आणि मी मूर्ख हिला पतंग म्हणत होतो! अरे, पतंगच आहे. म्हणून तर..."

कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"चाळीस वर्षं मी शेजारी बसलो. हात मांडीवर. पोरांच्या हातात विमान, पोरांच्या हातात आभाळ, आणि मी आपला 'जरा नाक खाली, जरा नाक वर'. आता कुठे माझ्या हातात आलं, तर संपलंसुद्धा."

ड्वेन उठला. "हे काही बरं नाही. मी कर्णा बंद करतो."

"हात तर लावून बघ," अर्डिस म्हणाली. तिच्या हातात कालथा होता. ड्वेन बसला.

"तलावावर पेलिकन उतरलेत," कर्ण्याचा आवाज खाली आला. "पांढरेशुभ्र. शेकड्यांनी. अर्डिस, तुला हे दाखवायचं होतं गं. लग्न झालं त्या वर्षीच दाखवायचं होतं. तू कधी चल म्हणाली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर? मग हे सगळं मला एकट्यालाही सुंदर वाटेनासं झालं असतं. म्हणून नाही विचारलं. घाबरट मी. गवत कापताना डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा तुला सांगतो, परागकण आहेत. कसले परागकण? आठवण येते. वरची येते, आणि वर असलो की तुझी येते. दोन्हीकडे माझं काही ना काही राहिलेलंच असतं."

सॉसेज करपल्याचा वास सुटला होता.

मास्तर उतरायला आले तेव्हा विमान जमिनीवर टेकायलाच तयार नव्हतं. गवतावरून हातभर उंचीने ते तरंगत राहिलं आणि कर्ण्यातून सत्तरीतला माणूस पोरासारखा खिदळला. मग चाकं टेकली आणि इंजिन बंद झालं. त्यासरशी रेडिओही गप्प झाला.

आमच्या मिनेसोटातल्या लोकांची एक रीत आहे. दुसऱ्याच्या मनातलं चुकून कानावर पडलं, तर ते पडलंच नाही असं वागायचं. मास्तर हँगरमध्ये शिरले तेव्हा दीडशे माणसं एकाच वेळी मक्याच्या पिकाविषयी बोलत होती.

"रेडिओवर आज चिटपाखरू नाही," मास्तर म्हणाले. "लोक शहाणे झाले वाटतं."

"झाले असतील," पाळकसाहेब म्हणाले. "हवा बरी आहे."

"काय मास्तर? कसं वाटलं?" ड्वेनने विचारलं.

मास्तरांनी टोपी काढली आणि चेहरा दगडासारखा केला. "वाईट नाही," ते म्हणाले.

ड्वेनने तिथेच मतं मागितली आणि दीडशे हात वर गेले, सभासद नसलेल्यांचेही. खजिनदाराचा सुद्धा, जो क्लबला साधा नवा झाडू घेऊ देत नसे. मास्तर चक्रावले. आपल्या दोन शब्दांना एवढं वजन असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ड्वेनने त्यांच्यापुढे ताटली सरकवली. "घ्या मास्तर. नीट चावून खा."

पण मास्तरांनी ताटली तशीच बाजूला सारली. विमान क्लबचं झालं, उडवणार दुसरेच. बायकोला काय सांगायचं, कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत ते उठले, तर अर्डिस ॲप्रन सोडून गवतातून विमानाकडे चाललेली. मास्तर धापा टाकत मागे गेले.

"अर्डिस, ऐक जरा. मी कबूल म्हटलं होतं, ते... म्हणजे, आज हवा..."

"हवा गेली खड्ड्यात. पाय कुठे ठेवून चढायचं ते सांग."

"चढायचं? कुठे निघालीस?"

"पेलिकन बघायला."

मास्तरांनी तिला चढवलं, पट्टा आवळून दिला, स्वतः बसले, इंजिन सुरू केलं, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

"पेलिकन आलेत हे तुला कुणी सांगितलं?"

अर्डिसने हात पुढे करून नखाने दांड्यावरचं बटण वर काढलं. टक् असा आवाज झाला. तिने बोट चाटून पाहिलं. "मेपल," ती म्हणाली.

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग बिटासारखा लाल झाला.

"कोणी कोणी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"ड्वेनने पण? आणि कोणी अवाक्षर काढलं नाही?"

"काढतील ना. तुझ्या दफनानंतरच्या जेवणात. तोवर तू सुरक्षित आहेस."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. इंजिन घरघरत होतं. अर्डिसने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली.

"लोवेल, ते सगळं मी जिल्ह्याबरोबर उभी राहून ऐकलं. सॉसेज परतत. आता वर चल आणि पहिल्यापासून पुन्हा सांग. एकटीला. तोंडावर."

मास्तरांनी बटणाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"जरा इंजिन तापू दे," ते म्हणाले.

इंजिन मघापासून तापलेलंच होतं.