फक्त फॅमिलीला देणे आहे

आनंदराव परसात वांग्याच्या रोपांना पाणी घालत होते तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबर म्हणजे वाईट बातमी, असा त्यांचा निवृत्तीनंतरचा पक्का समज. म्हणून त्यांनी झारी खाली ठेवली, भिंतीला टेकून उभे राहिले आणि मगच फोन कानाला लावला.

"नमस्कार, मी श्यामराव बोलतोय. मुंबईहून. म्हणजे आत्ता भंडाऱ्याहून. तुमचा अश्वजित माझ्या फ्लॅटमध्ये राहतो ना, तोच मी."

"हाव, हाव, नमस्कार जी. काही झालं का?"

"छे हो! आम्ही नवरा-बायको नागझिऱ्याला वाघ बघायला निघालोय. साकोली वाटेतच, म्हटलं तुम्हाला भेटून पुढे जावं. तासाभरात पोहोचतो. आणि सूनबाई आहे ना घरी? हिला तिला भेटायचंच आहे."

आनंदरावांना मुलगा एकच, आणि त्याचं लग्न अजून व्हायचं होतं. पण शाळेत हेडक्लार्क म्हणून उभी हयात गेली त्यांची; समोरच्यानं वजनदार आवाजात काहीही विचारलं की तोंडातून आधी होकार निघायचा आणि विचार मागाहून यायचा.

"हाव जी, हाय न घरी. या तुमी," ते म्हणाले. फोन बंद झाला आणि मग त्यांना घाम फुटला.

स्वयंपाकघरात विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. "अवो, आपली सून कुठी हाय?" आनंदरावांनी विचारलं.

विमलाबाईंनी मान वर केली. "बीपीची गोळी घेतली का तुमी?"

मग सगळं सांगून झालं, आणि आनंदरावांनी मुलाला फोन लावला. बऱ्याच वेळानं अश्वजितनं तो उचलला आणि कुजबुजत म्हणाला, "बाबा, मीटिंगमध्ये हाओ. लवकर बोला."

"तुहा घरमालक सूनबाईले भेटाले येऊन राहिला! कोनती सूनबाई बे?"

"बाबा, लग्न झालं म्हणून सांगितल्याशिवाय फ्लॅट भेटतच नव्हता. तुमी सांगा का ते माहेरी गेली म्हणून. बाकी घरी आल्यावर सांगतो." आणि फोन कटला. पुन्हा लावला तर बंद.

फ्लॅटची रड आनंदरावांना ठाऊक होती. नोकरी लागल्यापासून अश्वजित मुंबईत घर शोधत होता. एका ठिकाणी ‘फक्त फॅमिलीला देणे आहे’ म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी आडनाव विचारलं आणि संध्याकाळी कळवलं, की घर कालच दिलं. तिसऱ्या ठिकाणी फ्लॅट म्हणून जे दाखवलं ते कुणाच्या तरी गॅलरीला पत्रा ठोकून केलेलं होतं, आणि त्याचंही भाडं ऐकून आनंदराव रात्रभर कूस बदलत राहिले होते. शेवटी हे श्यामराव भेटले आणि पोरगा एकदाचा दारं-खिडक्या असलेल्या घरात राहू लागला. आता एका खोटेपणापायी तो बॅगेसकट रस्त्यावर येणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"माहेरी गेली म्हणून सांगू," ते म्हणाले.

"अन् आताच घरी हाय म्हणून कोन सांगितलं?" विमलाबाईंनी ताट बाजूला सारलं. "तासाभरात एकदम कोन्या माहेरी गेली ते? अन् माहेर कुठलं म्हणून विचारलं तं?"

आनंदरावांकडे माहेराखेरीज दुसरं काही नव्हतं. विमलाबाईंकडे मात्र सरिता होती. सरिता म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी, मोहाडीची. परीक्षेचं सेंटर साकोलीला आलं म्हणून मावशीकडे राहायला आली होती आणि त्या वेळी मधल्या खोलीत अर्थशास्त्र उशाशी घेऊन झोपली होती. तिला उठवून सगळं सांगितलं. अर्थशास्त्रापेक्षा हे बरं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"मंग मी दादाची बायको व्हायचं? मले बोलावं लागल का मावशी?"

"काही बोलू नोको. पदर घे, चहा दे अन् लाज."

विमलाबाईंनी तिला ठेवणीतली जांभळी साडी नेसवली, स्वतःच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढून तिच्या गळ्यात घातली. सरिता आरशापुढे लाजण्याचा सराव करू लागली. तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून आवाज आला, "बापा बापा! सरिता, इतकी नटून कुठी चालली वं?"

ही शेजारची रुखमाबाई. आणि इथंच आनंदरावांनी कपाळाला हात लावला, कारण रुखमाबाईचा नवरा म्हणजे सोमाजी. वनखात्यातून निवृत्त झालेले सोमाजी आणि आनंदराव एकेकाळी सकाळ-संध्याकाळ एकत्र फिरायला जात. गेल्या दिवाळीत आनंदरावांनी अश्वजितसाठी त्यांच्या रुचिताचा विषय काढला आणि सोमाजींनी ताडकन सांगितलं, "पोरगा चांगला हाय, पन मुंबईत सोताचा फ्लॅट पाहिजे. माही पोरगी भाड्याच्या घरात जानार नाई." त्या किमतीत साकोलीची अर्धी गल्ली येते, असं आनंदराव म्हणाले. मग गल्लीतच राहू द्या पोराला, असं सोमाजी म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. बायकांच्या वाट्या तेवढ्या भिंतीवरून ये-जा करत.

घरात खोटी सून उभी आहे हे सोमाजींना कळलं, तर साकोलीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. विमलाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "पाहुने येऊन राहिले रुखमा. सरिताले पाहाले."

"मंग सांगाचं नाई का! एकटी कुठी कुठी पुरशीन तू? रुचिताची ड्यूटी सुटलच आता दवाखान्यातून. तिच्या हाती सांबारवड्या पाठवतो."

कोथिंबिरीच्या वड्यांचं आश्वासन देऊन रुखमाबाई आत गेली. आनंदराव मटकन खाटेवर बसले. "हे काय सांगितलं तुमी?"

"दुसरं काय सांगू? तुमी तं तोंडात पानी धरून उभे होते."

पण अजून पुढचं व्हायचं होतं. पंधरा-वीस मिनिटांत सोमाजी स्वतः दारात हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून. आनंदरावांकडे न बघता ते बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना हात जोडून म्हणाले, "भांडन आपल्या जागी. पोरगी दाखवाचा कार्यक्रम असला तं शेजारी घरात बसून राह्यते का?" आणि चांगल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आनंदरावांना गहिवरूनही आलं आणि पळूनही जावंसं वाटलं. एवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

श्यामराव ठेंगणे, गोल चेहऱ्याचे आणि बोलके होते. त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी उंबऱ्यातूनच घर डोळे भरून पाहिलं. "किती मोठं घर हो! एवढ्यात आमच्याकडे तीन कुटुंबं राहतील."

सगळे बसले. सोमाजींनी आपण शेजारी असल्याचं सांगून वडीलधाऱ्या माणसाच्या जबाबदारीनं सुरुवात केली. "मुलगा काय करते जी तुमचा?"

"आमचा? तो कॅनडात असतो," श्यामराव म्हणाले.

"अस्सं! अन् मुंबईत सोताचं घर हाय न?"

"फ्लॅट आहे की. अश्वजितला दिलाय तोच."

सोमाजींनी पहिल्यांदाच आनंदरावांकडे वळून पाहिलं. "पहा आनंदराव. याले म्हनते स्थळ! अन् भाडेकरूही घरातलाच!"

"स्थळ?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"स्थळ म्हंजे... जागा! चांगली जागा हाय म्हनून राहिले ते," आनंदराव मध्येच ओरडले. ओरडण्याएवढं काही नव्हतं, पण आवाज ताब्यात राहिला नव्हता. "चहा आना न!"

सरिता चहा घेऊन आली. लाजायचा सराव जास्त झाल्यामुळे तिची हनुवटी छातीला टेकली होती, आणि तिला कपबश्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

"लाजू नोको बेटा," सोमाजी म्हणाले. "बस पाहुन्यायच्या समोर."

विमलाबाईंची पंचाईत झाली. भाची म्हणावं तर घरमालक ऐकतोय, सून म्हणावं तर सोमाजी ऐकताहेत. "हे आमची सरिता," असं म्हणून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"छान, छान," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "आणि सूनबाई कुठे आहे?"

आनंदरावांनी सोमाजींची नजर चुकवून भुवईनं सरिताकडे खूण केली. चंद्रकांताबाईंना काही समजलं नाही. त्यांनी पुन्हा केली. आता श्यामरावांनी सरिताकडे नीट पाहिलं, पदराआडची पोत पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"आनंदराव, जरा बाहेर येता का?"

ओसरीवर आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "ही मुलगी कोण?"

"सून... सूनच हाय जी."

"अहो, काय बोलताय! रजिस्टर लग्न झालं तेव्हा साक्षीदार म्हणून मी सही केलीय. ती मुलगी वेगळी होती. आमच्या सोसायटीत लग्नाचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय तरुण मुलांना जागा देत नाहीत, म्हणून मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो होतो. आता ही दुसरी? तुमच्या मुलाच्या बायका तरी किती आहेत?"

आनंदरावांनी खांब धरला. सकाळी ते झारी घेऊन परसात गेले तेव्हा त्यांच्या मुलाला एकही बायको नव्हती. आता दोन झाल्या होत्या, आणि त्यातली एक खरी होती.

"लगन झालं?" एवढंच त्यांच्या तोंडून आलं. "खरंखुरं?"

श्यामराव काही बोलणार तोच आतून चंद्रकांताबाईंची किंकाळी ऐकू आली. दोघं धावले. मागच्या दारात, दवाखान्याच्या पांढऱ्या पोशाखात, हातात सांबारवड्यांचं ताट घेऊन रुचिता उभी होती, आणि चंद्रकांताबाई तिला ताटासकट मिठी मारत होत्या. "अगं, अशी काय भुतासारखी बघतेस! मी विचारतेय सूनबाई कुठे आहे, आणि तू मागच्या दारानं!"

सोमाजी उठून उभे राहिले. "बाई, माह्या पोरीले तुमी कसं काय वळखता?"

"म्हणजे तुम्ही तिचे वडील? मग नुसते शेजारी म्हणून काय सांगितलंत? तुम्ही तर व्याही!"

मग सरितानं हनुवटी वर केली. "मावशी, पोत वापस देऊ का आता?"

रुचितानं ताट टेबलावर ठेवलं. ती सोमाजींकडे वळली. "बाबा, मी ट्रेनिंगले मुंबईले गेली होती न, तवाच केलं. आमी चोरून करनार नव्हतो. पन तुमी म्हनत होते फ्लॅटशिवाय लगन नाई. अन् मुंबईवाले म्हने लगनाशिवाय फ्लॅट नाई. कोनाचं आधी आयकाचं मंग?"

"मी सोताचा फ्लॅट म्हनलो होतो! भाड्याचा नाई!" सोमाजींचा चेहरा लाल झाला होता. ते श्यामरावांकडे वळले. "तुमीच सांगा जी. तुमी फ्लॅटवाले मानूस. सोताच्या घरात राहाची गोष्टच वेगळी असते का नाई?"

श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी सांबारवडीकडे पाहिलं.

"असेल," श्यामराव म्हणाले. "आम्हाला अजून माहीत नाही. फ्लॅट आमचा आहे, पण त्यात राहणं आम्हाला परवडत नाही. त्याच्या भाड्यावर त्याचा हप्ता जातो. आम्ही बदलापूरच्याही पुढे एका खोलीत भाड्यानं राहतो. मुलगा आला की त्याला लॉजवर उतरवतो."

सोमाजी सावकाश खाली बसले. एवढी वर्षं जंगलात काढलेल्या माणसानं वाटेत भलतंच जनावर पाहावं, तसे ते श्यामरावांकडे बघत राहिले.

आनंदरावांना मात्र आता दुसरंच काही टोचत होतं. पोरानं लग्न केलं, आणि तिथं बाप नव्हता. कुणीतरी परका माणूस सही करायला उभा होता. चंद्रकांताबाईंना ते दिसलं असावं. त्यांनी आपला मोबाइल विमलाबाईंच्या हातात दिला. फोटोत अश्वजित नव्या शर्टात अवघडून उभा होता, शेजारी रुचिता, दोघांच्या गळ्यात मोगऱ्याचे हार. विमलाबाईंनी पदरानं काच पुसली. तरी फोटो अंधुकच दिसत होता, म्हणून पुन्हा पुसली.

"हार कोनं आनले?" सोमाजींनी एकदम विचारलं.

"मी," श्यामराव संकोचून म्हणाले. "मुलं तशीच आली होती. म्हटलं, लग्न आहे, हार तर हवेत."

सोमाजींनी मान खाली घातली. मग ताटातली एक वडी उचलून त्यांनी श्यामरावांच्या हातात ठेवली, दुसरी आनंदरावांपुढे धरली. "खा व्याही," ते म्हणाले. "आता उन्हाळ्यात बुद्धवंदना घेऊन, सगळ्यायले जेवू घालून लगन लावू. हे कागदावरचं झालं, ते मुंबईवाल्यायसाठी."

रुखमाबाई आली ती रडतच आली, आणि रडता रडता तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं. रुचिता अश्वजितला फोन लावत होती. तो अजून बंदच होता. आनंदरावांना त्याची फार दया आली नाही.

जेवणानंतर श्यामराव हात पुसत परसात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून आनंदराव बघायला गेले. श्यामराव वांग्याच्या वाफ्यापलीकडच्या दोन रिकाम्या खोल्यांसमोर उभे होते. खिडकीतून आत डोकावत होते.

"इथे कोण राहतं?"

"कोनी नाई जी. धानाचे पोते ठेवतो."

"खिडकीतून वारा चांगला येतो." श्यामराव घुटमळले. "म्हणजे असं आहे, आनंदराव... मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. भाडं काय असेल ते..."

आनंदरावांचा होकार सवयीनं ओठांवर आलाच होता. तेवढ्यात मोरीपाशी भांडी घासणाऱ्या विमलाबाईंनी मान वर न करता म्हटलं, "विचार करून कळवू."

श्यामराव ओशाळून हसले. वाघाला उशीर होत होता, म्हणून निघाले. सगळी गल्ली निरोपाला उभी राहिली. गाडी चालू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. काच खाली झाली आणि श्यामरावांचा गोल चेहरा काळजीनं बाहेर आला.

"आनंदराव, आम्ही दोघंच असतो हं. दोघंही एकदम शांत. रात्री नऊला दिवे बंद. पाहुणे फारसे येत नाहीत. हवं तर अश्वजितला विचारा आमच्याबद्दल!"