किलोला दहा रुपये

आमची मुलगी सहा महिन्यांची असताना तिला खोबऱ्याच्या वखारीत नेऊन, सुक्या नारळाच्या पोत्यांशेजारी, तराजूत घालून जोखलं. हे करणारी बाई वेडी नव्हती. तिला ते करू देणारा मी मात्र गणित शिकवणारा मास्तर होतो.

त्याचं झालं असं. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी घाटावरचा, बायको इथलीच. दोघंही मालवणात शाळेवर. तिची रजा संपत आली आणि मुलीला सांभाळायला बाई हवी, यावर आमचं एकमत झालं. तिला पगार काय द्यायचा, यावर होईना. मी शेजारच्या तीन घरांत चौकशी केली. एकाने ऐंशी सांगितले, दुसऱ्याने शंभर, तिसऱ्याने "जेवण द्या नि मुकाट रवा" असा सल्ला दिला. मी तिन्हींची सरासरी काढायला बसलो. बायको म्हणाली, "जेवणाची सरासरी कशी काढतात ते मुलांना पण शिकवा."

तेवढ्यात भागीमावशी दारात उभी राहिली. साठीची, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. नमस्कार नाही, चौकशी नाही. पाळण्यातून मुलगी उचलली, दोन्ही तळव्यांवर धरली, डोळे मिटले.

"साडेसा," ती म्हणाली. "किलोक धा रुपये. दर म्हयन्याच्या एक तारखेक चेडू जोखूचा. भरतला तेचे पैसे."

चेडू म्हणजे आमची मुलगी. मला वाटलं चेष्टा करते आहे. "मावशी, सरळ एक पगार ठरवू या की."

"ठरलेल्या पगारार पोर वाढना नाय, मास्तरानू."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. पुढं ते मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात एकच आकडा चमकला : पासष्ट! बाजारभाव शंभर आणि ही पासष्टात राजी! मी घाईघाईनं "ठरलं" म्हणालो. पोरं वाढतात, हा गणिताचा भाग माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

एक तारखेची वरात पाहण्यासारखी असे. पुढं मावशी, तिच्या कडेवर मुलगी, गालावर काजळाचा ठिपका. मागं मी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मान खाली घालून. वखारीतला बाबीशेट पारड्यात स्वच्छ पोतं अंथरायचा. जोखून झालं की मावशी मीठमोहऱ्या ओवाळायची आणि बाबीशेट मला विचारायचा, "मास्तरानू, बांधून देव?"

मुलीला वर्ष झालं आणि नव्वद झाले. मुलगी दीड वर्षाची झाली, अकरा किलो भरली. एकशेदहा! आमच्या गल्लीत सर्वांत महाग बाई आमचीच. मग माझ्यातला कारस्थानी माणूस जागा झाला. पुढच्या एक तारखेला मी मुलीला सकाळी दूध न देताच नेलं, पायातले चांदीचे वाळे काढून. मावशीनं मुलीचे पाय पाहिले, मग माझं तोंड.

"मास्तरानू, नखा पण कापून हाडूची होती."

बाबीशेट इतका हसला की वजनं हातातून सुटली.

त्याच वर्षी गणपतीनंतर मुलीला जुलाब सुरू झाले. थांबेनात. डॉक्टर दिवसातून दोनदा येत. मावशी आठ दिवस स्वतःच्या घरी गेली नाही. मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत बसली. फक्त मधूनमधून मुलीला तळव्यांवर घेई, डोळे मिटी आणि खाली ठेवी. आकडा सांगत नसे.

मुलगी उठली. आणि एक तारीख आली.

"या महिन्यात राहू दे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण मावशी ऐकेना. वखारीत गेलो. साडेनऊ. बाबीशेटनं या वेळी काही विचारलं नाही.

"पंच्याण्णव," मावशी म्हणाली आणि हात पुढं केला.

आणि मी पंच्याण्णव दिले. मोजून. आठ दिवस जिनं माझ्या मुलीला जिवंत ठेवलं, तिला मी पंधरा रुपये कमी दिले, कारण हिशेब तसा होता. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मावशी मात्र पैसे कनवटीला लावून शांतपणे मुलीसाठी भात मऊ करायला गेली.

मुलगी तीन वर्षांची झाली आणि आमची देवगडला बदली झाली. निघताना बायकोनं लुगडं पुढं केलं. मावशीनं ते परत केलं.

"माका कार्ड घाला. दर एक तारखेक. वजन तेवढा लिवा. पोस्टमन वाचून दाखवतलो."

सहा महिने मी इमानानं आंब्याच्या वखारीत जाऊन मुलगी जोखली आणि कार्ड टाकलं. सातव्या महिन्यात परीक्षेचे पेपर होते. वखारीत कोण जातो? मागचा आकडाही आठवेना. लिहून टाकलं : बारा किलो, सर्व क्षेम.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मावशी हजर. एका हातात नाचणीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या काखेत जिवंत कोंबडी. कोंबडी माझ्या अंगावर सोडून तिनं मुलगी उचलली. तळवे, मिटलेले डोळे.

"चवदाक थोडा कमी," ती म्हणाली. डोळे उघडले. "बारा खंयच्या तराजूर भरला, मास्तरानू?"

"अंदाजे लिहिलं, मावशी."

मला वाटलं, आता शिव्या. ती पायरीवर बसली. अंगणात मुलगी कोंबडीमागं धावत होती. तिच्याकडे बघतच मावशी बोलू लागली.

"मी मुंबैक होतंय, एका शेटाकडे आया. माझा चेडू मिठबावाक, जावेकडे. सांभाळूक तिका म्हयन्याक पंधरा रुपये धाडी होतंय. आमी ठरवलेले. दर म्हयन्याक तिचा कार्ड येय : पैसे पावले, चेडू बरा आसा. धा म्हयने ताच कार्ड. शिमग्याक घराक इलंय, चेडवाक उचललंय..."

तिनं दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढं धरले. बराच वेळ.

"जाव वायट नाय होती. तिचीच पाच पोरा. पण पंधरा ठरलेले. चेडू वाढला तरी पंधरा, सुकला तरी पंधरा. तेका कोण जोखतलो?"

"मग?" मी उगाच विचारलं.

"मगे काय. पाडव्यापर्यंत रवला."

बायको आतून बाहेर आली होती. मुलगी कोंबडीला धरून आणायला निघाली होती आणि कोंबडी ऐकत नव्हती.

दुपारच्या गाडीला मावशी निघाली. मी भाड्याचे पैसे काढले. तिनं माझा हात बाजूला सारला.

"कमी भरला तरी चलात, मास्तरानू. पण खरा लिवा."

पुढच्या एक तारखेला मी वखारीत गेलो. मुलीला सर्दी झाली होती, जेवत नव्हती. पाव किलो कमी भरली. मी कार्डावर पाव किलो कमी लिहिलं. बायको म्हणाली, "सर्दी आहे म्हणून लिहा, उगाच घाबरेल बिचारी." मी लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी, सकाळच्या एसटीच्या वेळेला, आम्ही चहाला एक कप पाणी जास्त ठेवलं.