वज्रबाहूच्या पायाचे फोड

एका जंगलात, मुलांनो, खायला भरपूर होतं आणि दुपारी कुणालाच काही काम नव्हतं. अशा ठिकाणी दोनच गोष्टी होतात, भांडणं किंवा खेळ. या जंगलात आधी खेळ झाला.

खेळ अगदी सोपा होता. वडाखाली बसायचं. प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. मास्तर सांगणार, "समोर दरी आहे, काय करता?" आपण म्हणायचं, "उडी मारतो." मग फोडलेले चिंचोके टाकायचे. पांढरी बाजू वर आली तर दरी पार. काळी आली तर कपाळमोक्ष.

मास्तर म्हणजे साळिंदर. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण बोलायचे अशा थाटात की सगळे त्यांना मास्तरच म्हणत. अस्वलमामा मांत्रिक झाले होते. गोदाक्का नावाच्या खारीनं चोराचं सोंग घेतलं होतं. आणि लखू ससा झाला होता वज्रबाहू नावाचा योद्धा.

हसू नका. लखू जन्मल्यापासून पळत होता. कोल्हा दिसला की पळायचा, नाही दिसला तर आता दिसेल म्हणून पळायचा. त्याची एकच इच्छा होती. वज्रबाहूनं गुहेतल्या काळजबड्या राक्षसावर तलवारीचा एक घाव घालावा. फक्त एक. खेळातला का होईना, पण आपण घातलेला.

सगळं छान चाललं होतं. मग मास्तर चार दिवस नदीपलीकडच्या जंगलात पाहुणचाराला गेले आणि शहाणे होऊन परतले.

"तिकडे खेळात खरेपणा असतो," ते म्हणाले. "लखू, तुझा वज्रबाहू तीन दिवस चालतोय. पाणी कधी प्यायला?"

लखू गडबडला. "तुम्ही विचारलंच नाही, मास्तर."

"मग तो जिवंत कसा? पोरखेळ आहे का हा?"

तो पोरखेळच होता, पण हे बोलणार कोण? अस्वलमामांनी तर मान डोलावली. मामांना काही कळलं नाही की ते मान डोलावत. त्यामुळे जंगलात त्यांना फार मान होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी प्रत्येकाला सागाचं एक पान दिलं. त्याचं नाव दशापत्रक. त्यावर भूक, तहान, थकवा आणि झोप अशा चार ओळी. सोंगाची दशा बिघडली की त्या ओळीत बाभळीच्या काट्यानं एक टोचा मारायचा. एका ओळीत पाच टोचे झाले की सोंग बरं होईपर्यंत आडवं.

चार ओळींवर भागलं असतं तर मास्तर कसले? आठवड्यात पायाचे फोड आले. मग डास आले, पित्त आलं, उचकी आली, उदासपणा आला. वाटेत एक ओढा लागला. पूर्वी असला ओढा एका वाक्यात ओलांडायचे. आता त्याला आठ दुपारी लागल्या. कारण वज्रबाहूचं धोतर भिजलं, ओल्या धोतरानं मांड्या खरचटल्या, आणि मांड्या बऱ्या व्हायला किती दिवस लागतात यावर मास्तर आणि मामा दोन दुपारी वाद घालत बसले. मामांच्या मांत्रिकाला सर्दी झाली होती. मंत्राच्या मध्येच शिंक यायची आणि मंत्र फुकट जायचा.

एके दिवशी गोदाक्का उठली आणि शेपटी झटकून म्हणाली, "घरी माझी पिल्लं खरीखुरी भुकेली आहेत. त्यांना घास भरवते जाऊन. तुमच्या चोराला तुम्हीच जेवू घाला."

ती गेली. मास्तर म्हणाले, "सोबती सोडून गेला. दोघांनाही विरहाचे दोन दोन टोचे."

लखूनं निमूटपणे टोचे मारले. त्यालाही जावंसं वाटत होतं, पण मग गुहेतला तो एक घाव राहून गेला असता. बिचारा घरीसुद्धा लंगडत जायचा. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, "मला नाही गं, वज्रबाहूला फोड आलेत."

अखेर तीन महिन्यांनी ते गुहेच्या तोंडाशी पोहोचले.

लखूचे कान ताठ झाले. तो उभा राहिला आणि ओरडला, "वज्रबाहू तलवार उपसतो!"

"थांब," मास्तर म्हणाले. "पत्रक दाखव."

पत्रकात काय उरलं होतं? टोचे मारून मारून पानाची चाळणी झाली होती.

"हा उभाच राहू शकत नाही," मास्तर म्हणाले. "तलवार कसली उचलतो?"

लखूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण कधी नव्हे ते त्याचं डोकं चाललं. "आणि राक्षस?" तो म्हणाला. "तो पण तीन महिने गुहेतच आहे ना? त्याचं पत्रक कुठंय?"

मास्तर चपापले. मात्र एक मानावं लागेल, मुलांनो, मास्तर तत्त्वाचे पक्के होते. त्यांनी एक कोरं पान घेतलं आणि प्रामाणिकपणे टोचे मारत गेले. भूक, तहान, एकटेपणा. मग त्यांनी पान खाली ठेवलं.

"राक्षस मेला," ते म्हणाले. "उपासमारीनं. दोन महिने झाले. अभिनंदन लखू, तू जिंकलास."

"पण मला घाव घालायचा होता हो!"

"मेलेल्यावर घाव कसला घालतोस? ते खरं वाटणार नाही." मास्तरांनी पुन्हा काटा उचलला. "आता दोन महिन्यांचं मढं म्हणजे दुर्गंधी आलीच. वज्रबाहूला मळमळीचे तीन टोचे."

तेव्हा, मुलांनो, जंगलात कधीच न घडलेली गोष्ट घडली. लखू पळाला नाही. चिंचोके न टाकता, कुणाला काही न विचारता, त्यानं पंजा उगारला आणि सगळा जीव एकवटून मास्तरांच्या पाठीत हाणला.

मास्तर कोलमडले. लखूच्या पंजात सतरा काटे घुसले. तो कळवळला, पण चेहऱ्यावर असं हसू होतं की मामा मान डोलवायला विसरले.

मास्तर उठले. त्यांनी लखूचा पंजा हातात घेतला, निरखून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बघ, आता कसं खरं वाटतंय!"

म्हणून लखूनं डाव्या पंजानं आणखी एक दिली.

तात्पर्य : शौर्य गाजवायला उगाच लांबच्या गुहेपर्यंत तंगडतोड करू नये. नियम सांगणारा हाताशीच बसलेला असतो. तो साळिंदर असल्यास मात्र काठी वापरावी.