लिनक्सवरची लग्नपत्रिका

मेहुणीच्या लग्नात साडूसमोर "मी लिनक्स वापरतो" एवढं एक वाक्य म्हणायला मिळावं, म्हणून मी हा सगळा उद्योग केला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही उगं एखादं थोर कारण शोधत बसणार नाही.

मी आदिनाथ. सिडकोत राहतो, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. सासुरवाडी वैजापूरकडं. तिथं मला 'कम्प्युटरवाले जावई' म्हणतात. म्हणायचे. सातबारा काढायचा असो, पीकविम्याचा अर्ज असो, नाहीतर कुणाच्या मोबाइलवर सुरू झालेलं गाणं बंद होत नसो, माझे सासरे मुंजाबामामा ऐटीत म्हणायचे, "थांबा, आमच्या जावयाला इचारू." मामांची हयात मेंढरांमागं गेली. त्यामुळं कम्प्युटरच्या बाबतीत त्या घरात मला आव्हान देणारं कुणी नव्हतं. (माझा असा दबदबा जगात तेवढ्या एकाच घरात आहे. पतसंस्थेत तर शिपाईसुद्धा माझ्या चुका काढतो.)

मग धाकट्या मेहुणीचा, दिपालीचा, साखरपुडा झाला. मुलगा इंद्रजीत, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्यानं येताना मॅक लॅपटॉप आणला. ऑफिसचं काहीतरी तातडीचं काम निघालं म्हणून त्यानं मांडवातच तो उघडला आणि अख्खी भावकी भोवती गोळा झाली. सासूबाईंनी, म्हाळसाबाईंनी, त्यावर अलगद बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बया, लईच पातळ हाय."

मला राहवेना. मी पुढं होऊन विचारलं, "रॅम किती आहे?"

"माहीत नाही, साडूभाऊ," तो हसून म्हणाला. "कधी बघितलंच नाही. उघडतो, काम करतो, मिटतो."

बघितलंच नाही! मी घरच्या कम्प्युटरची रॅम, हार्डडिस्क, प्रोसेसर सगळं तोंडपाठ करून ठेवलंय आणि ह्या गड्याला काही माहीत असण्याची गरजच नाही. परतताना जीपमध्ये मला धड बसवेना. त्यातच मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "आता कम्प्युटरचं काय अडलं तर नव्या पाव्हण्यालाच फोन लावायचा." माझी तर भूकच गेली.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत मी सत्यमला गाठलं. सत्यम आमच्याकडं कम्प्युटर विभाग सांभाळतो आणि लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची फुकटची सिस्टीम, हे नाव काढलं की जेवणाचा डबा अर्धा ठेवून बोलतो.

"मॅक म्हणजे महागडं हॉटेल," तो म्हणाला. "सगळं झकास, पण खुर्ची इकडची तिकडं करायची नाही. विंडोज म्हणजे भाड्याचं घर. सगळ्यांना सवयीचं, म्हणून कुणी सोडत नाही. आणि लिनक्स म्हणजे स्वतःचं घर. तिथं मालक तुम्ही."

(घरात मालक होण्याचं आमंत्रण मला पहिल्यांदाच मिळत होतं.)

संध्याकाळी मी हा विषय बायकोपुढं, ज्ञानेश्वरीपुढं काढला. ती घरी बसून लग्नपत्रिकांचा, बॅनरचा मजकूर टाइप करून औरंगपुऱ्यातल्या प्रेसला देते. मशीनवर मराठी टायपिंग शिकलेली बाई. बोटं अशी चालतात की बघणाऱ्याची नजर मागं पडते. तिचा फॉण्टही त्याच काळातला, जुना, आणि त्याच्यावर तिचा नवऱ्यापेक्षा जास्त जीव.

"माझी बोटं विंडोजवर बसलीत," ती म्हणाली. "दिपालीचं लग्न होईपर्यंत त्या कम्प्युटरला हात लावायचा नाही तुम्ही."

"पण लिनक्समध्ये स्वातंत्र्य असतं."

"मग सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवर टाका. तिला पाहिजे तवा चालू होण्याचं स्वातंत्र्य हायच."

तिचं बरोबर होतं. कारण तेव्हा त्या कम्प्युटरमध्ये दिपालीची पत्रिका होती. आता पत्रिका म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. लग्न दोन माणसांचं असतं, पत्रिका भावकीची असते. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. मामांचे चुलतभाऊ हनुमानतात्या भावकीत थोरले. मागच्या एका लग्नात त्यांचं नाव तिसरं आलं, तर तात्या मांडवाकडं पाठ करून बसले आणि त्यांच्या मागं निम्मी भावकी न जेवता गेली. मामांनी त्याचा फार धसका घेतला होता. दिपालीच्या लग्नात तसं काही झालं तर मी गावात तोंड दाखवणार नाही, असं ते ज्ञानेश्वरीला म्हणाले होते. म्हणून बिचारीनं एकेकाला फोन करून, समजूत घालून, रुसवे काढून नावांची उतरंड ठरवली होती. शनिवारी ती टाइप करून झाली. रविवारी दुपारी मामा आणि तात्या येऊन ती ऐकणार होते आणि सोमवारी पत्रिका छापायला जाणार होती.

रविवारी सकाळी ज्ञानेश्वरी आमच्या लेकीला, श्रेयाला घेऊन सासूबाई आणि दिपालीबरोबर बांगड्यांच्या खरेदीला गेली. घरात मी आणि कम्प्युटर. मी पेपर वाचला, परत वाचला, झाडांना पाणी घातलं, ते खालच्यांच्या वाळवणावर पडलं म्हणून बोलणी खाल्ली. जीव कशातच रमेना. शेवटी सत्यमला फोन लावला.

"विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकता येतं ना?"

"येतं की. फक्त सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि तो प्रश्न विचारील ते नीट वाचा."

फाइली मी पेनड्राइव्हवर घेतल्या. मी बावळट असेन, पण बेजबाबदार नाही. मग सत्यमनं आधीच देऊन ठेवलेल्या वेगळ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला घेतलं. दुसरी अट मात्र जड गेली. पडद्यावर प्रश्न आला तेव्हाच खाली भाजीवाला ओरडला. ज्ञानेश्वरीनं मेथी घेऊन ठेवायला सांगितली होती. मेथी सुटू नये म्हणून मी उभ्या उभ्या सगळ्यात वरचा पर्याय दाबला आणि जिन्याकडं पळालो. मेथी घेऊन वर आलो तोवर विंडोज गेलं होतं. शेजारी वगैरे काही नाही, समूळ गेलं होतं.

तरी मी घाबरलो नाही. नवा पडदा देखणा होता. जांभळट रंग, गुळगुळीत खिडक्या. मी खुर्चीत मागं रेलून मोठ्यानं म्हणून पाहिलं, "मी लिनक्स वापरतो." ऐकायला फार बरं वाटलं.

मग पेनड्राइव्ह लावून पत्रिका उघडली. वरती श्री गणेशाच्या जागी दोन कंस आणि एक डॉलर बसला होता. त्याखाली पानभर इंग्रजी अक्षरं, टक्के, स्वल्पविराम. फाइल आली होती, पण ज्ञानेश्वरीचा फॉण्ट विंडोजबरोबर गेला होता, आणि त्याच्याबरोबर सगळी भावकी.

सत्यमला फोन लावला, तर तो म्हणाला, "नव्या पद्धतीनं परत टाइप करा, त्यात काय." आणि तेवढ्यात दारात चपला वाजल्या. मामा आणि हनुमानतात्या वेळेच्या आधीच आले होते. मेंढरं राखणारी माणसं घड्याळाच्या पुढंच असतात.

"बसा, बसा. ज्ञानेश्वरी येतेच आहे," मी म्हणालो.

"येऊ द्या सावकाश," तात्या फेटा सावरत म्हणाले. "तवर तुमी वाचून दावा. कम्प्युटरवाले जावई हाव ना."

"चहा टाकतो आधी."

चहा उकळत ठेवून मी कम्प्युटरपुढं बसलो आणि एका बोटानं आठवतील तशी नावं टाइप करू लागलो. नावं आठवली, क्रम आठवेना. कोण कुणाच्या वर हे ती फोनवर ठरवत होती, तेव्हा मी क्रिकेट बघत होतो. जावई म्हणून माझंही नाव घातलं. अगदी तळाला, विनयानं. आता क्रम कसा लावावा या घालमेलीत असताना मला वरच्या पट्टीत एक बटण दिसलं. नावं अक्षरांप्रमाणं आपोआप क्रमानं लावायचं. मला हुरूप आला. वशिला नाही, मान नाही, अपमान नाही. जसं बाराखडीत अक्षर, तसं नाव. कुणी माझ्याकडं बोट दाखवूच शकणार नाही. मी बटण दाबलं. प्रिंटर त्या नव्या मालकाला ओळखेना, म्हणून मी दोघांना आतच बोलावलं.

"हे काय दुसरंच दिसतंय," मामा पडद्याकडं बघत म्हणाले.

"मामा, कम्प्युटर तोच आहे. आतली सिस्टीम बदलली. चालवणारा वेगळा."

"म्हंजी घर त्येच, गडी बदलला म्हना की." मामा विचारात पडले. "जुना गडी चोऱ्या करीत व्हता का?"

"नाही."

"कामाला नाय म्हनत व्हता?"

"तसं नाही, पण..."

"मग काढला कशापायी? नवा माणूस आला की मेंढरं बी चार दिस बुजत्यात."

मी माउस उगाच इकडंतिकडं फिरवला. (खरं उत्तर मॅकपाशी जात होतं.) तात्या म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. नावं वाचा."

मी पडद्याकडं पाहिलं आणि पहिल्याच नावाशी अडलो. बाराखडीत 'आ' फार वर येतो, हे मला कळायला हवं होतं. पहिलीपासून माहीत होतं ते मला.

"वाचा की."

"निमंत्रक," मी वाचलं. "श्रीयुत... आदिनाथ."

तात्यांनी आधी माझ्याकडं, मग पडद्याकडं बघितलं.

"म्होरं," तात्या थंडपणानं म्हणाले.

मी वाचत गेलो. मामांचं नाव मधल्या गर्दीत कुठंतरी आलं. नावं संपत आली तसा माझा आवाज बारीक होत गेला, कारण तोवर 'ह' कुठं असणार हे मला कळून चुकलं होतं. सगळ्यांच्या शेवटी, एकटे, हनुमानतात्या.

"जावई पयला," तात्या उठत म्हणाले, "आन मी शेंड्याला. मुंजाबा, तुज्या पोरीचं लगीन तुजा जावईच लावील. आमची गरज नाय."

"तात्या, हे मी नाही केलं, कम्प्युटरनं केलं," मी म्हणालो.

"कम्प्युटरला तुमचंच नाव बरं घावलं वर न्यायला. आदी जुना गडी काढला, मंग आपला गडी बशिवला, आन सवताचं नाव वर. समदं कळतंय मला. मी सरपंचकी बघितली हाय."

मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. ती टोपी बघून मला खरंच रडू आलं. एका फुशारकीच्या वाक्यापायी मी ह्या भल्या माणसाची इज्जत पणाला लावली होती.

अशा वेळी ज्ञानेश्वरी आली. तिनं आधी गॅस बंद केला (चहाचा कोळसा झाला होता), मग पडदा पाहिला, मग मला पाहिलं. भांडली नाही. तिनं पेनड्राइव्ह उपसून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "तात्या, चला माझ्यासंगं. प्रेसवाल्याकडं विंडोज हाय, फॉण्ट हाय. काल ठरलं तसंच नाव हाय तुमचं, पयलं. सवताच्या डोळ्यानं बघा."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"मेथी निवडा," ती म्हणाली.

प्रेसमध्ये फाइल पहिल्या फटक्यात उघडली. तात्यांनी आपलं नाव बोट लावून लावून वाचलं आणि त्यांचा राग उतरला, म्हणजे मामांवरचा. माझ्यावरचा तसाच राहिला. माझं नाव जावई मंडळींत होतं, तिथं त्यांनी बोट ठेवलं. "ह्याचं नाव माझ्या वर नको. आन खाली बी नको. खालून त्ये सरकत वर येतं, मी बघितलंय. जिथनं सरकता येनार नाय, आशा जागी कोंडून टाका."

पत्रिका छापून आली तेव्हा मी लगेच उघडली. निमंत्रकांत पहिले हनुमानतात्या, शेजारी मामा. सगळी उतरंड जागच्या जागी. मला हायसं वाटलं. मग मी स्वतःला शोधू लागलो. स्वागतोत्सुकांत नव्हतो. जावई मंडळींत नव्हतो. अगदी तळाला, फुग्यांची आणि अस्वलांची चौकट असलेल्या कोपऱ्यात मी सापडलो.

'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं! – श्रेया, आकाश, अपेक्षा आणि आदिनाथ.'

"पक्की चौकट तेवढीच होती," ज्ञानेश्वरी म्हणाली.

लग्न झकास झालं. सगळी भावकी जेवली, तात्यांनी तर जिलेबी दोनदा मागून घेतली. मामा मांडवभर हसत फिरत होते आणि त्यांच्याकडं बघून माझाही जीव भांड्यात पडला. मानपानाच्या वेळी माइकवाला पत्रिका हातात धरून एकेक नाव पुकारत होता. थोरामोठ्यांना फेटे बांधून झाले, जावई मंडळींना आहेर झाले, आणि मग त्यानं बालगोपाळांना स्टेजवर बोलावलं. मी खांबाआड सरकलो, पण त्यानं माझं नाव तीनदा घेतलं.

आम्हा चौघांना हनुमानतात्यांच्या हस्ते पाण्याची एकेक बाटली मिळाली. माझ्या बाटलीवर ससा होता. खाली उतरल्यावर श्रेया म्हणाली की तिला ससाच पाहिजे, म्हणून मी बदलून दिली. तिची बाटली गळते.